जिवंत ओल

आमच्या धंद्यात मला सगळे 'एकदाच' म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त दवाखान्याच्या कागदावर उरलंय. मी रंगारी आहे, घरं रंगवतो, आणि मी रंगवलेल्या भिंतीसाठी मला पुन्हा बोलवावं लागत नाही. एकदाच जायचं, एकदाच करायचं. चौतीस वर्षांत पोपडे आले, पुट्टी सुटली, रंग उतरला अशी तक्रार घेऊन एक माणूस माझ्या दारात आलेला नाही. बायको म्हणते, "गिऱ्हाईक परत फिरकत नाही याची फुशारकी मारणारे जगात तुम्ही एकटेच." तिला धंद्यातलं कळत नाही असं मी म्हणतो, आणि ती हसते.

माझं खरं वैर ओलीशी. ओल दोन प्रकारची असते, मेलेली आणि जिवंत. पाणी कधीतरी आलं, थांबलं, मागे डाग राहिला, ती मेलेली. तिला खरवडा, सुकवा, पुट्टी भरा, रंग मारा, विषय संपला. जिवंत ओल म्हणजे आत पाणी अजून चालू आहे. तिच्यावर रंग मारणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला पावडर लावून फोटोला बसवणं. आधी पाण्याचं मूळ शोधून बंद करायचं आणि मगच भिंतीला हात लावायचा. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली मी शिकलो, त्याने पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं होतं. हा नियम मी आयुष्यात एकदा मोडला.

झालं असं की चष्मेवाल्याचा फोन आला. त्याचं चष्म्यांचं दुकान मीच रंगवलेलं. माणूस मनाने लोण्यासारखा, आणि अशाच माणसांच्या हातून मोठे घोळ होतात.

"काका, माझ्या मावशीच्या खोलीतली एक भिंत करायची आहे. दहा दिवसांत."

"एका भिंतीला दहा दिवस? काय, किल्ला आहे का?"

"तुम्ही एकदा येऊन बघा."

जुन्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार उघडलं आणि टर्पेंटाइनचा वास आला. मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. मग फरशी बघितली. निळे, करडे, तांबडे थेंब, सगळीकडे. काम करताना खाली कागद अंथरायची पद्धत या बाईंना माहीत नसावी. मधोमध एक मोठी लाकडी घोडी, तिच्यावर चादर टाकलेलं चित्र, आणि एक बुटकं स्टूल. बाकी पलंग, टेबल, ब्रश भरलेले डबे.

आणि ती भिंत. दहा फूट उंच, आठ फूट रुंद, आणि छतापासून गुडघ्यापर्यंत ओल. कडेने पिवळी, मधे करडी, कुठे शेवाळासारखी हिरवट. लोणा, म्हणजे भिंतीतला खार, इतका फुटला होता की बोट लावलं तर पांढरी भुकटी खाली पडायची. माझ्या धंद्याचा एवढा मोठा अपमान मी एका जागी कधी बघितला नव्हता.

"मावशी चित्रकार आहे," चष्मेवाला म्हणाला. "शाळेत चित्रकला शिकवायची, आता निवृत्त झाली. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, अजून दहा दिवस दवाखान्यात आहे. दोन महिन्यांनी तिचं प्रदर्शन लागतंय, मोठ्या दालनात. ते लोक घरी येणार, तिचे फोटो काढणार. ही भिंत दिसली तर काय वाटेल?"

"बाईंनी सांगितलंय का करायला?"

"ती कसली सांगते. कुणाला त्रास नको म्हणून गप्प बसणारी बाई. पण तिला ही भिंत बघवत नाही, मला माहीत आहे. अकरा वर्षं मी येतोय, कधीही या, हिच्याकडे पाठ करूनच बसलेली असते. घोडी इकडे, तोंड तिकडे. म्हटलं, घरी येईल तेव्हा तरी तिला नीट तोंड फिरवता यावं."

मी भिंतीवर तळहात ठेवला. गार आणि दमट. जिवंत होती. वरच्या मजल्याला जाणारा पाण्याचा पाइप भिंतीतूनच गेला होता आणि छताच्या वर कुठेतरी झिरपत होता. तो बदलायचा तर वरच्या घरातली फरशी फोडायला हवी, आणि वरचा मालक घराला कुलूप लावून मुलीकडे परदेशात गेलेला. किल्ली कुणाकडे नाही. मी सरळ नाही म्हणालो.

"काका, तात्पुरतं तरी करा. तो परत आला की पाइपाचं बघू. तिच्यासाठी करा."

तात्पुरतं हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही. पण त्या दिवशी तो मी गिळला.

खरवडायला मला तीन दिवस लागले. हे काम मी कुणाला देत नाही. खरवडायचा पत्रा कसा धरायचा, कुठे दाबायचं, कुठे नुसतं फिरवायचं, हे हाताला कळावं लागतं. वर क्रीम रंगाचं डिस्टेंपर होतं. त्याच्या खाली हिरवा ऑइल पेंट, दवाखान्यात असतो तसा. त्याच्या खाली चुना, नीळ घातलेला, एकावर एक किती हात मारले होते देव जाणे. आणि सगळ्यात खाली मूळचा गिलावा, पाण्याने काळा पडलेला. डावीकडे खाली चुन्याचा एक जाड गोळा निघाला आणि त्याच्या मागे गिलाव्यात खळगा दिसला. मी बोट घालून बघितलं. मग सगळीच बोटं घातली. चार बोटांचा ठसा होता. तिथे थापी पोचली नसावी, म्हणून ज्या गवंड्याने ही भिंत बांधली त्याने हातानेच माल दाबला होता. माझी बोटं त्यात बसली. आत गार होतं. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, का ते माहीत नाही. मग वहीत माप लिहिलं, कारण खोल खड्ड्यातली पुट्टी उशिरा सुकते आणि ते लक्षात ठेवावं लागतं. 'खालून ३०, डाव्या कोपऱ्यापासून २२, खोल दीड इंच.' आणि भरून टाकला.

दिवे लावून भिंत सुकवली, ओल दाबणारा थर दिला, दोन हात पुट्टी, काचपेपर, प्रायमर, दोन हात पांढरा. मधे एकदा घोडी सरकवताना चित्रावरची चादर घसरली. मी बघितलं, नुसता फिकट करडा रंग मारलेला होता. मला वाटलं, बाईंचा अजून प्रायमरच चाललाय. चादर नीट केली.

दहाव्या दिवशी भिंत तयार झाली. दाराशी उभं राहून बघितली तर कुठे लाट नाही, कुठे ठिपका नाही. मी स्वतःवर खूश होतो. बाई घरी येणार म्हणून थांबलो, चार शब्द कौतुकाचे ऐकावेत एवढीच इच्छा.

बाई वॉकर टेकत आल्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, केस कापलेले. दारातच थांबल्या.

"कशी वाटली?" चष्मेवाल्याने विचारलं.

बाई हळूहळू चालत स्टुलापाशी गेल्या, बसल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं की हा माणूस इथे असा हजारो वेळा बसलेला आहे. गुडघे, हात, मान, सगळं आपापल्या जागी गेलं. चष्मेवाल्याचा चेहरा बदलत गेला.

"मावशी, तू तर नेहमी पाठ करून बसतेस."

"तू येतोस दुकान उघडून, दहा वाजता," बाई म्हणाल्या. "मी सहा वाजता बसते. तासभर हिच्याकडे बघते. मग पाठ करते आणि काढते. बघत बघत काढलं तर नक्कल होते रे."

आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चष्मेवाला तोंडात मारल्यासारखा उभा होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही खरवडलीत?"

"हो."

"सगळी?"

"सगळी, बाई."

"आतल्या खोलीतली चित्रं आण," त्यांनी भाच्याला सांगितलं. "सगळी आण. मिस्त्रींना बघू देत काय खरवडलं ते."

अकरा चित्रं होती, प्रत्येक पाच फूट उंच आणि चार फूट रुंद. खोलीत मावेनात. काही भिंतींना टेकवली, काही पलंगावर, दोन दारात. मधे आम्ही तिघं.

पहिलं चित्र मला लगेच कळलं. वरच्या कोपऱ्यात नुकतीच उतरलेली ओल, कडेला चहासारखा पिवळा. पाणी लागून आठ-दहा दिवस झाले की ओल अशी दिसते, हे मी झोपेतही सांगेन. दुसऱ्यात ती खाली सरकली होती. तिसऱ्यात लोणा फुटला होता, आणि तो इतका खरा होता की मला नाकात भुकटी गेल्यासारखं झालं. इथवर मी रंगारी म्हणून बघत होतो, चूक काढायच्या डोळ्यांनी.

चौथ्यापासून ते जमेना. ती भिंत नव्हतीच. भिंतीला खोली नसते, हिला होती. करड्याच्या आत दुसरा करडा, त्याच्या आत तिसरा, आणि पार आत कुठेतरी पाणी चालत होतं. जे दिसत नाही म्हणून मी हयातभर हाताने चाचपत आलो, ते या बाईंनी समोर मांडून ठेवलं होतं. मी पाचव्या चित्रापुढे हात पुढे केला आणि थांबलो.

"लावा हात," बाई म्हणाल्या. "कोरडं आहे."

मी हात लावला. कोरडं होतं. तरी मी हात पँटला पुसला.

मला भीती वाटली, खरं सांगतो. एवढ्या जवळून, एवढा काळ, कुणी एखाद्या गोष्टीकडे बघू शकतं हेच मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षं मी भिंती बघतोय असं समजत होतो आणि दिसले होते फक्त दोष. शिवाय प्रत्येक चित्रात खाली डावीकडे एक जागा होती, तिथे रंग थोडा वळायचा. ओढ्यातलं पाणी दगडापाशी वळतं तसा. त्या जागेपाशी माझा हात सारखा जायला बघत होता. का, ते तेव्हा कळलं नाही.

चष्मेवाला पलंगाच्या कडेवर बसून रडत होता. त्यानेही ही चित्रं अशी एकत्र कधी बघितली नव्हती, आणि एकेकटी बघताना त्यांत ही भिंत ओळखली नव्हती.

"त्याआधी सात वर्षं मी ब्रश उचलला नव्हता," बाई म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या कळेना, बहुतेक भिंतीला. "शाळेत मुलांना सफरचंद काढायला शिकवायची आणि घरी येऊन छताकडे बघत पडायची. सुचायचं बंद झालं होतं. मग एक दिवस वरच्या कोपऱ्यात ही दिसली. बशीएवढी होती. मी उठून बसले." त्यांनी घोडीवरच्या चादरीकडे बोट केलं. "वर्षाला एक चित्र. हे बारावं. आत्ता कुठे पाया घातला होता."

"अकराच लावू प्रदर्शनात," चष्मेवाला नाक पुसत म्हणाला. "त्यात काय आहे मावशी?"

"अकरा लागतील की. पण मग मी संपले. हिच्यावाचून मला दुसरं काही सुचत नाही, आणि तशी सात वर्षं आता माझ्याकडे नाहीत."

आता मूग गिळून गप्प बसणं मला जमेना. "बाई," मी म्हणालो, "ती परत येईल."

"म्हणजे?"

"ओल जिवंत आहे. आत पाइप झिरपतोय, तो बंद केलेला नाही. मी वरून दाबून टाकलंय. असं काम मी करत नाही, हे केलं." चौतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारत होतो आणि कान गरम झाले होते.

"कधी येईल?"

"सहा महिने. आठही लागतील."

"प्रदर्शन सात आठवड्यांवर आहे." त्यांनी चित्रांकडे बघितलं. "आणि येईल ती अशीच?"

"ओल कधी तशीच येत नाही, बाई. पाणी नवी वाट काढतं."

त्यांनी मान हलवली. मी सामान उचललं आणि निघालो. निरोप घ्यायचंही सुचलं नाही.

घरी बायकोने पान वाढलं. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करायला गेलात गणपती आणि झाला मारुती."

"चेष्टा सुचतेय तुला."

"मग काय करू? रडू? जेवा." मग ती माझ्या हाताकडे बघायला लागली. "हे काय करताय?"

मी बघितलं. माझा उजवा हात ताटाशेजारी होता. चार बोटं वाकलेली, अंगठा बाजूला. काहीतरी दाबत असल्यासारखी. तो खळगा. चित्रांमधली ती जागा, खाली डावीकडे.

मी तिला गवंड्याच्या बोटांचं सांगितलं. "भिंतीला कान असतात म्हणतात," मी म्हणालो. "या भिंतीला हात होता. आणि तो त्या बाईंनी बघितलेला नाही. तो बघणारा जगात मी एकटा. तरी तो त्यांच्या चित्रांत आहे."

"मग हे मला काय सांगत बसलात? त्यांना सांगा."

सकाळी सहाला मी दार वाजवलं. वही आणि टेप, एवढंच घेतलं होतं. चष्मेवाला मावशीच्या सोबतीला राहिला होता, त्याने डोळे चोळत दार उघडलं. चित्रं तशीच मांडलेली होती. बाई स्टुलावर, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून.

"बाई, एक माप घेऊ द्या."

त्यांनी हातानेच 'घ्या' अशी खूण केली. मी पहिल्या चित्राला टेप लावला. चित्र भिंतीच्या निम्म्या मापाचं, म्हणजे माझ्या वहीतले आकडे निम्मे करायचे. तीसचे पंधरा, बावीसचे अकरा. खालून पंधरा इंच, डावीकडून अकरा. टेपाचं टोक बरोबर तिथे आलं जिथे रंग वळत होता. दुसरं चित्र, तेच. तिसऱ्यात अर्धा इंच इकडे. चौथं, तेच. अकराव्यापर्यंत जाताना मला टेप सरळ धरवेना, चष्मेवाल्याला बोलवावं लागलं.

"इथे काय आहे, बाई?" मी विचारलं.

"माहीत नाही. तिथे ओल कधी सरळ उतरायची नाही. मी दर वर्षी ठरवायची, यंदा ती जागा सोपी करून टाकू. हात ऐकायचा नाही."

मग मी सांगितलं. क्रीम डिस्टेंपर, त्याखाली हिरवा, त्याखाली निळसर चुना, आणि चुन्याच्या मागे चार बोटं. "तिथे माल हाताने दाबलेला. घट्ट. पाणी घट्ट जागेत शिरत नाही, वळसा घालून जातं. तुम्ही अकरा वर्षं तो वळसा काढलात."

बाईंनी स्वतःचा हात उघडून बघितला. मग अगदी हळू विचारलं, "अंगठा?"

"नव्हता. चारच."

"केवढा होता हात?"

"माझ्यापेक्षा जरा लहान. माझी बोटं बसली, पण ओढूनताणून."

"तुम्ही हात घातलात त्यात?"

"घातला. भरायच्या आधी."

"कसं होतं?"

असलं मला कधी कुणी विचारलेलं नाही. रंग कुठला, किती दिवस लागतील, वास किती राहील, एवढंच विचारतात. मी विचार करून सांगितलं. "गार होतं. आणि बाई, मला वाटलं की कुणीतरी आत्ताच हात काढून घेतलाय. ऐंशी-नव्वद वर्षं झाली असतील त्याला जाऊन, तरी. हात काढायला नको वाटलं."

त्यांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं, आदल्या दिवशी आलं नव्हतं ते. "मी हिचं तोंड बघत राहिले," त्या म्हणाल्या. "तुम्ही हिच्या पोटात जाऊन आलात. आता पहिल्यापासून सांगा. एकेक थर. घाई करू नका."

मी सांगत गेलो. कुठला थर सहज निघाला, कुठला हट्टी होता, हिरव्याचा आवाज पत्र्याखाली कसा येतो, निळेचा चुना ओला झाला की कसा काळवंडतो, सगळं. मला एवढं माहीत आहे हे मलाही माहीत नव्हतं. दीड तासाने बाईंनी स्टूल फिरवलं, भिंतीकडे पाठ केली, आणि चादर काढली. आम्ही दोघं बाहेर आलो. दार ओढून घेताना मला ब्रशचा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखेन.

सात आठवड्यांनी मी आणि बायको दालनात गेलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दालनाच्या भिंती आधी बघून घेतल्या. काम बरं होतं, कोपरे सोडून. अकरा चित्रं ओळीने होती. लोक हळू बोलत होते. बारावं शेवटच्या भिंतीवर एकटं होतं.

पांढरं होतं. माझं पांढरं, मी ओळखलं. पहिल्या नजरेला दुसरं काहीच नाही. मग डोळे सरावले, आणि पांढऱ्याच्या खालून तो दवाखान्याचा हिरवा वर यायला लागला, त्याच्या खालून निळसर चुना, त्याच्या खालून काळपट गिलावा. बाईंनी ते कधीच बघितलं नव्हतं. मी नुसतं सांगितलं होतं. आणि खाली डावीकडे, पंधरा आणि अकरावर, पांढरं किंचित आत गेलं होतं. हाताचं चित्र नव्हतं. नुकताच कुणीतरी हात काढून घेतलाय, एवढंच होतं. माझ्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ उभा होता. तो बघत होता आणि त्याची बोटं वाकलेली होती. चार.

बायको चित्राच्या जवळ गेली, मागे आली, पुन्हा जवळ गेली. शेवटी म्हणाली, "गार वाटतंय हो इथे." मी तिचा हात धरला. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

वर्तमानपत्रातली एक मुलगी बाईंना विचारत होती, या चित्रांमागची प्रेरणा काय. "गळका पाइप," बाई म्हणाल्या. सगळे हसले, विनोद झाला म्हणून. मी हसलो नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, त्याही हसत नव्हत्या.

त्यानंतर साडेसहा महिने गेले. मी एका शाळेचं काम करत होतो तेव्हा फोन वाजला.

"मिस्त्री, ओल आली."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला परत बोलावणं आलं होतं. मी शिडीवरून खाली उतरलो. "कुठे?"

"वरच्या उजव्या कोपऱ्यात. बशीएवढी. नवी वाट काढलीय, तुम्ही म्हणाला होतात तशी."

"येतो लगेच. पत्रा, पुट्टी घेऊन—"

"या," बाई म्हणाल्या. "सामान आणू नका."

दुसऱ्या दिवशी सहाला पोचलो. भिंतीसमोर दोन स्टुलं होती. दुसरं माझ्यासाठीच आणलेलं दिसत होतं, कारण ते उंच होतं आणि माझे पाय लांब आहेत. वर कोपऱ्यात माझ्या पांढऱ्यातून पिवळी कड उमटत होती. आयुष्यभर जिचा मी तिरस्कार केला ती ही. मी बघत बसलो. ती क्षणाक्षणाला हलत होती, आणि हे मला कधी दिसलंच नव्हतं.

तासाभराने बाईंनी स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे पाठ केली. मी नाही केली.